आमच्या सशाचा शोध

आंफवा, थोरल्या कालव्याकाठी,
वर्षावासाला पाच दिवस बाकी

थोरल्या ताईच्या पायांशी,

गुडघे वाकत नाहीत म्हणून खुर्चीवर बसूनच, पण दोन्ही हात कपाळाला टेकवून धाकट्या प्रयोंगचं वंदन. तू बरी असशील. तिकडे पाथिउला पाऊस वेळेवर झाला असेल, विहिरीचं पाणी गोड झालं असेल, तुझी कंबर धरत नसेल. दाजींचा सकाळचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, सिगारेट सोडली हे फार चांगलं केलं. (म्हणजे म्हणू नकोस. माझं नाव काढून काहीच म्हणू नकोस. खोकल्याचं आपलं तू तुझ्या मनाने विचार.)

इकडे आम्ही बरे आहोत. माडांना शेंड्याकडून भुंगा लागला आहे. तीन माड गेले, चौथा जाईल की राहील या काळजीने मला जेवण उतरत नाही. गेल्या उधाणाला कालव्याचं पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि परत गेलं, पण जाताना माझी एक चप्पल घेऊन गेलं. बदकं सात होती ती सहा झाली. सातवं कुणी नेलं हे मला ठाऊक आहे, पण हल्ली मी कुणावर चोरीचा आळ घेत नाही. का घेत नाही तेच तुला सांगायला हे पत्र आहे, आणि तेच सांगता येत नाही म्हणून मी बदकांबद्दल लिहितो आहे. (तुझी भावजय साम्रुआय मागून डोकावून म्हणाली, ‘पाऊण पान झालं, अजून बदकंच पोहतायत का?’ तिला वाचनाचा कंटाळा आहे, पण कोपऱ्यात मी बदकाचं चित्र काढलं होतं ते तिने पाहिलं.)

तर ताई, नववर्षाच्या सणाला विहाराच्या मंडपात जे झालं त्याला आता तीन महिने झाले. तू तेव्हापासून फोन उचलत नाहीस. बरोबर करतेस. मी तुझ्या जागी असतो तर फोन उचलून शिव्या दिल्या असत्या, तू तेवढंही करत नाहीस, म्हणून जास्त लागतं. पण झालं ते कसं झालं हे तुला मुळापासून कळायला हवं, कारण तू फक्त शेवटची पाच मिनिटं पाहिलीस आणि त्याच्या आधीचा माझा मूर्खपणा तुझ्या नजरेतून सुटला.

गेल्या थंडीत माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. तुला माहीत आहे, आयुष्यभर मी ससे केले. आपण ज्याला ससा म्हणतो आणि तुमच्या दक्षिणेत ज्याला नुसतं लोखंड म्हणतात, ती नारळ खवायची बुटकी लाकडी बैठक. पुढे सशासारखं दातांचं लोखंड, मागे बसायला पाट. आख्ख्या कालव्यात माझ्या हातचा ससा नसलेलं स्वयंपाकघर नाही. आणि त्याच सशावर मला बसता येईना. बसलो तर उठता येईना. एकदा साम्रुआय बाजारातून येईपर्यंत मी दीड तास सशावर बसून होतो, चार नारळ पुरे होते तिथे अकरा खवले, कारण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. ती आली, खोबऱ्याचा डोंगर पाहिला आणि म्हणाली, ‘कोणाचं लग्न काढलंत?’

त्या दीड तासात मला सुचलं. ससा टेबलावर ठेवायचा. दात फिरते करायचे, अर्ध्या लिंबासारखं गोल लोखंड, त्याला फिरवायला दांडा. माणूस खुर्चीवर ताठ बसणार, डाव्या हाताने करवंटी धरणार, उजव्या हाताने दांडा फिरवणार. महिन्याभरात केला. (थोडा डगमगतो. त्याबद्दल खाली.) आणि मग माझ्या डोक्यात शिरलं की हा जगातला पहिला असा ससा आहे आणि याचं पेटंट घ्यायचं. पेटंट म्हणजे सरकारचा कागद, की ही कल्पना या माणसाची, दुसऱ्याने करू नये. त्याआधी बघावं लागतं, की दुसऱ्या कोणी आधीच तर केलेलं नाही. सगळ्या जगाच्या पेटंटांची नोंद आता मोबाइलवर सापडते, वर एक रिकामी चौकट असते, तिथे शब्द लिहायचा.

मी शब्द लिहिला. ‘ससा’.

ताई, हसू नकोस. मी चौथीपर्यंत शिकलो. त्या वस्तूला आपण ससा म्हणतो, आजोबा ससा म्हणायचे, मी आणखी काय लिहिणार? तीन दुपारी मी ते वाचत बसलो. सशाचा पिंजरा, सशाच्या तापाची लस, सशाच्या केसांची लोकर, कान हलवणारी टोपी, सशाच्या आकाराचं आइस्क्रीम घालायचा साचा. मग शहाणपणा करून ‘ससा दांडा’ लिहिलं, तर सशाला पाणी पाजायची नळी निघाली. ‘सशाचे दात’ लिहिलं, तर सशाचे वाढलेले दात कापायची कातर. (एवढी नाजूक कातर करणारा माणूस कुठेतरी आहे, याचं कौतुकच वाटलं.) नारळ खवायचा ससा मात्र साऱ्या जगात एकही नाही. मी मोबाइल उशीखाली ठेवला आणि साम्रुआयला सांगितलं की तुझा नवरा जगातला पहिला आहे. ती म्हणाली, ‘कशात ते आधी सांगा, मग शेजारी सांगते.’

पुढचं लिहिताना कानशिलं तापतात. मी पाटी रंगवून घेतली. ‘जगात एकमेव फिरता ससा. शोधक : प्रयोंग.’ ती धक्क्यावर लावली, पर्यटकांच्या होड्यांना दिसेल अशी. थोरल्या भन्तेंकडे ससा नेला. त्यांनी मंत्र म्हणून त्यावर पांढऱ्या पिठीचे तीन ठिपके दिले, नव्या गाडीवर देतात तसे. त्यांनी विचारलं, ‘पूर्वी कोणी केला नाही ना?’ मी म्हणालो, ‘भन्ते, सगळं जग शोधलं.’ हे मी पिवळ्या वस्त्रासमोर बोललो, ताई.

आणि मग सण आला. तू आणि दाजी आलात. मंडपात सगळी थोरली मंडळी ओळीने बसली होती, तळहात पुढे करून, आणि आम्ही धाकटे वाडग्यातून जाईचं पाणी त्यांच्या हातांवर घालून आशीर्वाद घेत पुढे सरकत होतो. मी दाजींपाशी आलो. त्यांच्या पायाशी, विहाराच्या स्वयंपाकघराला दान द्यायला आणलेली एक वस्तू होती, केळीच्या पानात गुंडाळलेली. पान जरा सुटलं होतं. आतून दांडा दिसला. गोल लोखंड दिसलं.

मला वाटलं, थंडीत मी बोललो असेन कुठेतरी, यांनी ऐकलं आणि उचललं. वाटलं कसलं, खात्रीच झाली. कारण मी सगळं जग शोधलं होतं. जगात नाही, मग आलं कुठून? माझ्याच डोक्यातून. मी विचारलं, ‘दाजी, हे कोणाचं?’ दाजी शांतपणे म्हणाले, ‘प्रयोंग, हे माझ्याकडे पंचवीस वर्षं आहे.’ तुला माहीत आहे ना ते कसं बोलतात, दक्षिणेच्या माणसासारखं, शब्द तोडून, निम्मे खिशात ठेवून. मला ते उर्मट वाटलं. मी ओरडलो, ‘म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात शिरला होतात का चोरी करायला?’ लोक हसले. हसल्यावर मला जोर आला, आणि हातातलं अख्खं वाडगं मी त्यांच्या डोक्यावर पालथं केलं.

थोरल्या माणसाच्या डोक्यावर.

आणि त्या सणाला सगळेच एकमेकांवर पाणी ओततात म्हणून, ताई, कोणाला काही कळलंच नाही. बायकांना वाटलं मेव्हण्या-मेव्हण्यांची थट्टा चालली आहे. मागून मावशी आल्या, त्यांनी बादली ओतली, मग मासळीवाल्या आल्या, मग कोणी नळी आणली. दाजी सत्त्याहत्तर वर्षांचे, चिंब होऊन हात जोडून बसले होते आणि प्रत्येकाला आशीर्वाद देत होते. मलाही दिला. फक्त तू हसली नाहीस. तू उठलीस, त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या नाकावर ठेवलास, आणि दुपारच्या गाडीने दोघं गेलात. जेवलाही नाहीत. साम्रुआयने तुमच्यासाठी केलेली बांगड्याची आमटी चार दिवस मला एकट्याला वाढली आणि प्रत्येक वाढीला म्हणाली, ‘घ्या, शोधक.’

मंडपातलं तरी तुला माहीत होतं. आता माहीत नसलेलं. (हे पान दाजींना दाखवू नकोस.) मी एवढ्यावर थांबलो नाही. गेल्या महिन्यात मी मे-क्लोंगला तंत्रविद्यालयात गेलो, तिथे पेटंटची मदत करणाऱ्या एक बाई बसतात. मी दाजींविरुद्ध तक्रार कशी लिहायची ते विचारायला गेलो होतो. लिहिलं एकदाचं. आता पेन खाली ठेवून जरा कालव्याकडे बघून येतो.

आलो. तर बाईंचं नाव विलाय, चाळिशीच्या, उत्तरेकडच्या फ्रे गावच्या, बोलणं असं की रागावल्या तरी अंगाई म्हणतात असं वाटावं. ‘काका, बसा आधी. काय झालं?’ मी म्हणालो, ‘चोरी.’ ‘कोणी केली?’ ‘माझ्या दाजींनी.’ ‘काय चोरलं?’ ‘ससा.’ बाई म्हणाल्या, ‘मग काका पोलीस चौकी समोर आहे, पिवळी इमारत.’ मी म्हणालो, ‘जिवंत नव्हे हो, खवायचा!’ आणि पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. बाईंनी बघितलं, दांडा एकदा फिरवला, आणि टाळी वाजवून म्हणाल्या, ‘अगोबाई, मांजर होय!’

ताई, उत्तरेत सशाला मांजर म्हणतात. एकाच देशात आपल्याकडे ससा, तुमच्याकडे लोखंड, त्यांच्याकडे मांजर. मी म्हणालो, ‘बाई, मी मांजर शोधलं नाही.’ बाई म्हणाल्या, ‘आणि ससा शोधलात?’ मी मान हलवली. त्यांनी तोंडावर पदर घेतल्यासारखा रुमाल धरला, पण खांदे हलत होते. मग माझ्या समाधानासाठी त्यांनी मांजर शोधून दाखवलं. मांजराच्या शौचाची पेटी, एकाहून एक, एक तर स्वतःच स्वतःला धुणारी. मी म्हणालो पुरे.

बाई म्हणाल्या, ‘काका, या नोंदीत वस्तू नावाने ठेवत नाहीत. तुमचा पोस्टमन तुमचं घर कसं शोधतो? प्रयोंग बदकवाला म्हणून, की घर क्रमांकाने?’ मी खरं ते सांगितलं, की आमचा पोस्टमन प्रयोंग बदकवाला म्हणूनच शोधतो. बाईंनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. पेटंटचा कागद तपासणारा जो साहेब असतो, तो म्हणे वस्तूला घरी काय हाक मारतात हे बघतच नाही. ती करते काय, ते बघतो, आणि त्या कामाचा जो कप्पा असेल त्यात कागद टाकतो. जपानी माणसाने त्याला काहीही म्हणो, ब्राझीलवाल्याने काहीही म्हणो, कप्पा एकच आणि कप्प्याला क्रमांक एकच. काही लोक तर मुद्दाम असं अवघड नाव देतात की शब्दाने कोणाला सापडूच नये. पण क्रमांक कपाळावर मारलेला असतो, तो लपत नाही.

मग कप्पा शोधायचा कसा? बाई म्हणाल्या, आधी साध्या शब्दांनी एक तरी सापडवायचा, मग त्याच्या पहिल्या पानावरचा क्रमांक घ्यायचा, आणि मग शब्द सोडून क्रमांकाने शोधायचं. त्यांनी ‘नारळ’, ‘गर’, ‘किसणे’ असं लिहिलं. एक मिळाला, श्रीलंकेतला. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं ए ४७ जे ४३/२५. बाईंनी बोट ठेवून सोडवून सांगितलं : ए म्हणजे माणसाच्या रोजच्या गरजा, सत्तेचाळीस म्हणजे घरातलं सामान, जे म्हणजे स्वयंपाकघर, आणि पुढचं म्हणजे किसायची साधनं. मी ते तीनदा वहीत लिहून घेतलं. एवढं नीटनेटकं मांडलेलं स्वयंपाकघर मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या घरी मिठाची बरणी खिळ्यांच्या डब्यात सापडते.

नुसता क्रमांक टाकला तर हजारो निघाले. चीज किसणारे, आलं किसणारे, मुळा किसणारे, जायफळ किसणारे. माझ्या जिवात जीव आला, म्हणालो, ‘बघा, नारळ कुठाय?’ बाई म्हणाल्या, ‘घाई करू नका, काका. क्रमांकही ठेवू आणि नारळ हा शब्दही जोडू.’ जोडला. साठेक उरले.

मी इंग्रजी वाचत नाही, पण ताई, चित्र वाचायला शाळा लागत नाही. पहिल्या चित्रात दांडा. दुसऱ्यात गोल लोखंड. तिसऱ्यात टेबलाला घट्ट धरणारा पंजा, जो मला सुचलाच नव्हता. एक फिलिपिन्सचा, एक भारतातल्या केरळचा, दोन शाईने काढलेले इतके जुने की ते काढणाऱ्याची नातवंडंसुद्धा आता म्हातारी झाली असतील. बाई एकेक पान उलटत होत्या आणि प्रत्येक पानावर माझा ससा मला बघून हसत होता. मे-क्लोंगच्या बाजारात मान मोडून टोपलीत भरतात त्या बांगड्यासारखी मान मोडून मी बसलो.

तेवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण बाई कामाच्या फार चोख. म्हणाल्या, ‘आता आपल्या देशातले बघू. तक्रार करायची आहे ना तुम्हाला?’ मी नको म्हणेपर्यंत त्यांनी दाबलं. पाच निघाले. चौथ्याचं नाव होतं, ‘खोबऱ्याचा गर विलग करण्याचे हाताने फिरवायचे लोखंड’. अर्जदार : श्री. चुआ, तालुका पाथिउ. खाली पंचवीस वर्षांपूर्वीचं साल.

तुझे दाजी. म्हणजे माझे दाजी. तुझा नवरा. ताई, माझं काय चाललं आहे ते मला कळत नाही.

त्या नावात ससा कुठेच नाही. दाजींनी त्याला लोखंड म्हटलं, कारण ते लोखंडच म्हणतात. मी शंभर वर्षं ससा शोधला असता तरी ते मला सापडलं नसतं. बाई मोठ्याने वाचू लागल्या. या कागदात म्हणे एक भाग असतो, की यापूर्वी असं काय काय होतं आणि त्यात दोष काय. तिथे लिहिलं होतं, मी वहीत उतरवून घेतलं आहे : ‘यापूर्वी आंफवा येथील एका कारागिराने, जो अर्जदाराचा मेव्हणा आहे, सायकलचा पायडल जोडून असे साधन प्रथम बनवले. कल्पना त्याचीच आहे. त्या साधनाचा दोष असा की ते डगमगते व खोबरे बाहेर उडते.’ बाई थांबल्या. ‘काका, आंफवाचेच की. ओळखता का या कारागिराला?’ मी म्हणालो, ‘असेल कोणी.’

आणि मग आठवलं. तुझा थोरला भिक्खू झाला तेव्हा तुमच्या अंगणात चारशे नारळ खवायचे होते, आणि मी शहाणा, पडक्या सायकलचा पायडल काढून सशाला जोडला. पहिल्याच फेऱ्याला खोबरं उडून थोरल्या काकूंच्या अंबाड्यात बसलं. सगळं अंगण हसलं. मी रागाने ते सगळं नारळाच्या सोडणांच्या ढिगावर भिरकावलं आणि तिथेच विसरलो. इतका विसरलो की पंचवीस वर्षांनी तेच मला पुन्हा सुचलं आणि मी पाटी रंगवली. दाजींनी ढिगातून उचललं, नीट केलं, सरकारी कागदावर लिहून ठेवलं की कल्पना याचीच, आणि पुढे पंचवीस वर्षं चकार शब्द काढला नाही. मंडपात चिंब होऊन बसले तेव्हाही नाही. एवढं म्हणाले असते, ‘अरे गाढवा, सरकारदरबारी तुझं नाव मी घातलंय,’ तरी मी तिथल्या तिथे पायावर पडलो असतो. पण त्यांनी निम्मं वाक्य खिशात ठेवलं. (मला आता वाटतं, ते मला लोकांत उघडं पाडायला नको म्हणून. साम्रुआय म्हणते, ‘तुम्ही बोलू दिलंत कुठे?’)

मी बाईंना विचारलं, ‘आता या कागदाचं काय?’ त्या म्हणाल्या की त्याची मुदत कधीच संपली, आता हा ससा कोणीही करू शकतो, आणि माझाच असं कोणीही म्हणू शकत नाही. मग हळूच म्हणाल्या, ‘तक्रारीचा नमुना देऊ का, काका?’ थट्टा नव्हती, त्यांचं बोलणंच तसं मऊ. त्या मऊपणाने मी जास्त मेलो.

घरी आलो, पाटी काढली. ती आता बदकांच्या खुराड्याला उतरण म्हणून लावली आहे. ‘जगात एकमेव’ वरून सहा बदकं रोज सकाळी चालत जातात. भन्तेंकडे जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, ‘ठिपके राहू देत, ठिपक्यांना पेटंट लागत नाही.’ आणि मग म्हणाले, ‘वर्षावास सुरू व्हायच्या आत ज्याची क्षमा मागायची त्याची मागून घे. तीन महिने तोंड बांधून बसायचं म्हणजे तोंडात काही अडकलेलं नको.’

म्हणून हे पत्र. ताई, तू माझी एकटीच उरली आहेस. आई गेली, दोघे भाऊ गेले, आता मला लहानपणच्या नावाने हाक मारणारं पृथ्वीवर दुसरं कोणी नाही, आणि तू तीन महिने मारलेली नाहीस. मी दाजींची क्षमा कशी मागावी ते तूच सांग. त्यांचा राग केवढा आहे, ते माझं नाव निघाल्यावर उठून जातात की बसून राहतात, हे मला आधी कळव, म्हणजे मी त्याप्रमाणे लिहीन. घाई नाही. सवडीने कळव.

तुझा लाजेने अर्धा झालेला धाकटा भाऊ,
प्रयोंग

ता. क. घाई आहे. वर्षावासाला पाचच दिवस आहेत असं वर लिहिलंय, आणि ते लिहून तीन दिवस झाले. पोस्टात टाकायला दोनदा गेलो, दोनदा परत आणलं.

ता. क. दुसरा. दाजींच्या कागदात डगमग कशी थांबवली ते लिहिलेलं आहे, पण भाषा अशी : ‘सदर पाय सदर तळास सदर कोनात सदर प्रकारे’. मी चारदा वाचलं, पाचव्यांदा मला घेरी आली. माझा ससा अजून डगमगतो. क्षमेचं जमलं, आणि दाजींचा मूड बरा असला, तर सहज म्हणून विचार की सदर कोन किती. क्षमेचं जमलं नाही तर विचारू नकोस. म्हणजे जमलं नाही तरी, आडून आडून.

ता. क. तिसरा. ताई, हे मी पाथिउ स्टेशनच्या बाकावर बसून लिहितो आहे. पोस्टावर भरवसा नव्हता म्हणून पत्र स्वतःच घेऊन आलो. सकाळी तुमच्या फाटकापर्यंत पोचलो होतो. हातात क्षमा मागताना द्यायचं फुलांचं, मेणबत्तीचं, उदबत्तीचं तबक, खांद्याला पिशवीत ससा. दाजी अंगणात पाठमोरे नारळ सोलत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि पाय आपोआप स्टेशनकडे वळले. गुडघे दुखतात म्हणून मी इकडे-तिकडे सांगतो, पण तेव्हा मी पळत आलो. दाजींनी पाहिलं का माहीत नाही. कुत्र्याने पाहिलं. इथे भाताची टपरी चालवणाऱ्या बाईंनी पिशवीत काय आहे विचारलं, मी ससा म्हणालो, तर त्यांनी दोन जुड्या पाला आणून आत सारला आणि म्हणाल्या, ‘गुदमरेल हो बिचारा, तोंड जरा उघडं ठेवा.’ मी उघडं ठेवलं आहे. कोणाची चूक सुधारायची ताकद सध्या माझ्यात नाही.

ता. क. चौथा. टपरीवाल्या बाई तुम्हाला ओळखतात, तुमच्याकडेच निघाल्या आहेत, पत्र नेते म्हणाल्या. पण आत्ता त्यांनी सांगितलं की गेल्या आठवड्यात तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी आहे, आणि औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा तुला दाजीच वाचून दाखवतात. मला कोणी कळवलं नाही. कोण कळवणार, आणि कोणत्या तोंडाने विचारणार.

म्हणजे दाजी, हे पहिल्या ओळीपासून तुम्हीच वाचत आहात. खोकल्याचं, चोरीचं, दाखवू नको म्हटलेलं पान, सगळं, आणि तेही मोठ्याने. सगळं पुन्हा लिहायला कागद नाही, आणि बाई उभ्या आहेत. तर आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. ताईला म्हणावं, रडू नकोस, पट्टी ओली होईल. परतीची गाडी साडेतीनला आहे, मी त्याच बाकावर आहे. दाजी, येऊ का?